दुसऱ्या डॉक्टरांसाठी पहिल्यांची चिठ्ठी

टोकियो : जपानमध्ये कॅन्सरच्या पेशंटला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल, तर आधी पहिल्याच डॉक्टरांसमोर बसून तसं सांगावं लागतं. आपल्याकडे फाइल पिशवीत घालून, इथल्या डॉक्टरांना पत्ता लागू न देता तिथल्यांना दाखवून यायची सर्रास पद्धत आहे. इथे ती चालत नाही. मोठ्या हॉस्पिटलांत ‘सेकंड ओपिनियन’ची ओपीडी वेगळी असते. पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी, स्कॅनची सीडी, रिपोर्ट आणि गरज असेल तर बायॉप्सीच्या स्लाइड असं सगळं बरोबर असेल तरच तिथे तुमचं ऐकून घेतात.

ही चिठ्ठी लिहून देण्याचे डॉक्टरांना पैसे मिळतात. जपानमध्ये प्रत्येक उपचाराचा दर सरकार गुणांमध्ये ठरवतं आणि एका गुणाला 10 येन मोजतं. 2006 साली या दरपत्रकात नवी नोंद झाली : पेशंटला दुसरं मत घ्यायचं असेल, तर त्यासाठी कागदपत्रं आणि चिठ्ठी देण्याचे 500 गुण. म्हणजे 5,000 येन. त्यातले जास्तीत जास्त 30 टक्के, 1,500 येन, पेशंटने द्यायचे आणि बाकीचे विम्याने. मला ही नोंद फार मोलाची वाटते. ज्या कामाला सरकारनेच दर ठरवून दिला, ते काम मागितलं म्हणून डॉक्टरांचा अपमान झाला असं कुणाला म्हणता येत नाही. पेशंटच्या जिभेवर अडलेलं वाक्य निम्मं तरी सुटतं.

हे वाक्य या देशात किती वर्षं अडलेलं होतं, ते समजून घेतल्याशिवाय या 500 गुणांचं महत्त्व कळायचं नाही. 1989 च्या जानेवारीत सम्राट हिरोहितो वारले, तेव्हा त्यांना आतड्याचा कॅन्सर होता हे राजवाड्याने जाहीर केलं. खुद्द सम्राटांना ते शेवटपर्यंत सांगितलेलं नव्हतं. घराघरांतही तेच चाले. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन खरं सांगत आणि पेशंटला अल्सर किंवा पित्ताशयातले खडे. 1983 साली नागोयातल्या एका नर्सला पित्ताशयाचा कॅन्सर असल्याचा डॉक्टरांना दाट संशय होता, पण तिला ‘खडे आहेत, ऑपरेशन करावं लागेल’ एवढंच सांगितलं गेलं. खडेच तर आहेत, म्हणून ती परदेश सहलीला जाऊन आली, ॲडमिट होणं तिने रद्द केलं आणि त्याच वर्षी ती गेली. घरच्यांनी दावा लावला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डॉक्टरांची चूक नाही. जिथे पहिलंच मत पेशंटच्या कानावर पडत नव्हतं, तिथे दुसऱ्याची गोष्टच कशाला!

त्याच न्यायालयाचा 2001 च्या नोव्हेंबरमधला निकाल मात्र पार वेगळा आहे. 1991 साली एका बाईंचा स्तन कॅन्सरमुळे पूर्ण काढण्यात आला. स्तन वाचवून ऑपरेशन करता येतं, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी डॉक्टरांना एक पत्र दिलं आणि स्तन गमावण्याच्या कल्पनेने मनाचं काय झालंय ते त्यात लिहिलं. डॉक्टरांनी आपल्याला पटलेलं, तेव्हा रूढ असलेलं ऑपरेशन केलं. न्यायालय म्हणालं, स्तन वाचवण्याची पद्धत तेव्हा पुरती रुळली नव्हती हे खरं, पण ती बऱ्याच ठिकाणी होत होती आणि पेशंटला तिच्यात किती रस आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं. अशा वेळी त्या पद्धतीचे फायदे-तोटे सांगणं आणि ती कुठल्या हॉस्पिटलात होते, त्याचं नाव-ठिकाण सांगणं हे डॉक्टरांचं कर्तव्य होतं. दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव पहिल्या डॉक्टरांनी स्वतः सांगायला हवं, असं देशाचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं! त्या बाईंच्या पत्राबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पुढे जे उभं राहिलं, त्याच्या पायात ते पत्र आहे असं मी मानतो.

पुढचा रेटा संसदेतून आला. 2006 च्या मे महिन्यात वरिष्ठ सभागृहात खासदार ताकाशी यामामोतो यांनी उभं राहून स्वतःला कॅन्सर असल्याचं सांगितलं आणि कॅन्सर-नियंत्रण कायदा याच अधिवेशनात मंजूर करा अशी विनंती केली. पुढच्याच महिन्यात कायदा झाला, 2007 च्या एप्रिलपासून लागू झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये यामामोतो वारले. आज देशभरात कॅन्सरसाठी नेमलेली चारशेहून जास्त हॉस्पिटलं आहेत आणि दुसरं मत मिळण्याची सोय तिथे असते.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते निशी-कासाईतल्या एका मराठी घरात मला जवळून पाहायला मिळालं. टोकियोच्या पूर्वेकडच्या या भागात आपली बरीच मंडळी राहतात. तिथल्या आमच्या ओळखीच्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी पूर्ण स्तन काढायला सांगितलं. वहिनींना दुसरं मत घ्यायचं होतं. “सेन्सेईंना, म्हणजे डॉक्टरांना, वाईट वाटलं तर? पुढचं सगळं त्यांच्याच हातात आहे,” असं त्यांचे यजमान पुन्हा पुन्हा म्हणत होते. जपानी शेजाऱ्यांनाही नेमकी हीच भीती वाटते. वहिनींनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली, कुठल्या हॉस्पिटलात जाणार एवढं विचारलं आणि चिठ्ठी कधी तयार होईल ते सांगितलं.

अडचण आली ती दुसऱ्या हॉस्पिटलचा अर्ज भरताना. ‘तुम्हाला काय विचारायचं आहे?’ असा एक रकाना त्यात होता. रात्री जेवणं आटोपल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर आम्ही तो घेऊन बसलो. वहिनींनी आधी लिहिलं, ‘मी बरी होईन ना?’ मग खोडलं. बराच वेळ पेन नुसतं हातात. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘आधी केमो देऊन गाठ लहान केली, तर स्तन वाचेल का?’ मी ते जपानीत उतरवून दिलं. त्या रात्री तो प्रश्न सापडला, हेच निम्मं काम होतं असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं नाही, औषध दिलं नाही. ही ओपीडी फक्त बोलण्याची असते. त्यांनी स्क्रीनवर स्कॅन उघडला, कोऱ्या कागदावर चित्र काढलं आणि दाखवलं की गाठी दोन आहेत, एकमेकींपासून लांब, स्तनाच्या दोन वेगळ्या भागांत. केमोने त्या लहान झाल्या तरी दोन्ही काढून नीट आकार उरणार नाही. म्हणजे मत तेच निघालं. त्यांचं उत्तर पाकिटातून पहिल्या डॉक्टरांकडे गेलं आणि ऑपरेशन त्यांनीच केलं. आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “मला कुणी नेत नाहीये आता. मी जातेय.”

दुसरं मत म्हणजे बरोबरच मत, असं मात्र मुळीच नाही. केइओ विद्यापीठाचे रेडिओलॉजिस्ट माकोतो कोंदो यांनी 1988 साली एका मोठ्या मासिकात लिहिलं की स्तन न काढताही स्तनाचा कॅन्सर बरा होऊ शकतो. त्या वेळी हे सांगायला धैर्य लागलं आणि त्याचा असंख्य बायकांना उपयोग झाला. पण पुढे ते बहुतेक कॅन्सरना हातच लावू नका असं सांगू लागले, त्यांची पुस्तकं तडाखेबंद खपली, 2013 साली त्यांनी टोकियोतल्या शिबुयात खास सेकंड ओपिनियनचाच दवाखाना काढला. 2022 मध्ये ते वारले. वेळेवर ऑपरेशन केलं तर जे कॅन्सर बरे होतात, त्यांनाही ‘राहू द्या’ म्हणणं मला भयंकर वाटतं. मनाला हवं ते बोलणारे डॉक्टर सापडेपर्यंत फिरत राहणं धोक्याचं आहे. दुसरं उत्तर पहिल्या डॉक्टरांकडे परत जातं, दोन्ही मतं एका टेबलावर येतात, म्हणून मला इथली पद्धत पटते.

तिचा मोठा दोष पैशांचा. चिठ्ठीला विमा लागू आहे, पण ती घेऊन ज्या भेटीला जायचं, तिला नाही. अर्ध्या-एक तासाच्या भेटीचे वीस हजारांपासून चाळीस हजार येनपर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही जास्त, स्वतःच्या खिशातून जातात. येनचे निम्मे रुपये धरले तरी दहा-वीस हजार झाले. दार उघडून उंबरठ्यावर एवढा टोल ठेवणं मला पटत नाही. सरकारने ही भेटही विम्यात घ्यायला हवी.

इथे राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी दोन गोष्टी. पहिल्या डॉक्टरांना आधी हे विचारा, की किती दिवस थांबलं तर चालेल. स्तन किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये बहुधा दोन-तीन आठवडे मिळतात, काही ब्लड कॅन्सरमध्ये दोन-तीन दिवसही मिळत नाहीत. आणि कुठे जावं हे सुचत नसेल, तर कॅन्सरसाठी नेमलेल्या प्रत्येक हॉस्पिटलात एक सल्ला केंद्र असतं. तिथे काय विचारायचं, कुणाला विचारायचं, हे नर्स किंवा समाजसेवक शेजारी बसून ठरवून देतात. त्याचे पैसे पडत नाहीत, तुम्ही त्या हॉस्पिटलचे पेशंट असण्याची अट नाही आणि नाव न सांगताही बोलता येतं.