छातीतली धडधड आणि क्ष-किरणांशिवाय उपचार



गटाचे हप्ते गोळा झाले की बोलणं हळूच तब्येतीवर येतं. आमच्या वडगाव रासाईत एक तक्रार आम्ही पुन्हा पुन्हा ऐकतो. "नुसती बसलेली असताना छाती एकदम धडधडायला लागते, आणि आली तशी एकदम थांबते." घरचे म्हणतात, काळजी करतेस म्हणून होतं. कोणी दृष्ट काढतं. शिरूरला नाहीतर दौंडला पोचेपर्यंत ठोके जागेवर येतात, तपासणीत काही सापडत नाही आणि बाईच खोटी पडते.

आपलं हृदय विजेच्या इशाऱ्यावर चालतं. इशारा ठरलेल्या वाटेने खाली जातो आणि ठोका पडतो. स्वस्थ बसल्यावर मिनिटाला ६० ते १०० ठोके पडतात. काहींच्या हृदयात इशाऱ्याला एक जादा वाट असते. त्या वाटेने तो घाण्याच्या बैलासारखा गोल फिरत राहिला, की ठोके १५० ते २०० च्या घरात जातात. याचा नेहमी आढळणारा प्रकार बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतो. गरोदरपणात झटके वाढूही शकतात.

औषधाने झटके आवरतात, पण वाट राहतेच. ती बंद करण्याच्या उपचाराला अ‍ॅब्लेशन म्हणतात. जांघेतल्या शिरेतून बारीक, लवचीक तार हृदयापर्यंत नेतात. तिला कॅथेटर म्हणतात. तिच्या टोकाने ती नेमकी जागा शोधून तेवढीच तापवून निकामी करतात. छाती उघडावी लागत नाही.

तार कुठे पोचली हे पाहायला पूर्वी क्ष-किरणच लागत. डॉक्टर-नर्स अंगावर शिशाचा जड अ‍ॅप्रन घालून उभे राहत. १९९० च्या दशकात दुसरी सोय आली. रुग्णाच्या छाती-पाठीवर पट्ट्या चिकटवतात, टेबलाखाली सौम्य चुंबकीय क्षेत्र असतं आणि संगणक तारेचं टोक दाखवत हृदयाचा नकाशा काढतो. जोडीला हृदयात जाणारी सोनोग्राफीची तारही असते. त्यामुळे आता बऱ्याच रुग्णांना क्ष-किरण अजिबात लागत नाहीत. तरुण मुलींना याचा मोठा फायदा. गरोदर बाईला आधी औषधंच देतात. झटके आवरलेच नाहीत तर हा मार्ग उरतो.

पण ही सोय सगळीकडे नसते. डॉक्टरांनी थोडे क्ष-किरण लागतील असं सांगितलं, तर त्या भीतीने उपचार टाळू नका. या नेहमीच्या प्रकारात शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त जणांना गुण येतो. धोकाही विचारून घ्या. शंभरात एखाद्याची चांगली वाट दुखावते आणि पेसमेकर बसवावा लागू शकतो.

आता आपल्या हातातलं काम. धडधड सुरू झाली की घड्याळ लावून मनगटावरची नाडी मोजा. कधी सुरू झाली, कधी थांबली, वहीत लिहा. धडधड चालू असतानाच ईसीजी निघाला तर आजार पकडता येतो, म्हणून तो जवळ कुठे निघतो हे आशाताईंना आजच विचारून ठेवा. चक्कर येऊन पडलात, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर थांबू नका, १०८ ला फोन करा. आणि खर्चाच्या धास्तीने घरी बसण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल विचारा.

पुढच्या बैठकीत कोणी म्हणाली, "छाती धडधडते," तर तिला घाबरट म्हणू नका. तिची नाडी धरा.