आखाजीच्या आधी छताकडे पाहा

खान्देशाला उन्हाळा नवा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. धुळेही फार मागे नसते. 'भर दुपारी बाहेर पडू नका' हे आम्ही डॉक्टर दरवर्षी सांगतो. पण वाचकहो, उन्हाच्या त्रासाने माझ्याकडे येणारे सर्वच रुग्ण शेतातून किंवा रस्त्यावरून येत नाहीत. दिवसभर घरात असलेले आजी-आजोबा, बाळंतिणी व तान्ही मुलेही त्यांत असतात. त्यांना ऊन बाधते ते छतातून.

जुन्या धाब्याच्या घरात लाकडांवर मातीचा जाड थर असे व भिंतीत उंचावर झरोके असत. ऊन खाली पोहोचेपर्यंत संध्याकाळ होई. आज त्या जागी पत्रा किंवा स्लॅब आला. भर उन्हात पत्रा ६० अंशांपर्यंत तापतो. स्लॅब दिवसभराची उष्णता साठवतो आणि रात्री खाली सोडतो. गरम हवा वर जाते. पण माळा सामानाने भरलेला आणि झरोका बुजलेला असेल तर ती तिथेच कोंडते. मग शरीराला रात्रीचाही विसावा मिळत नाही. म्हाताऱ्यांना घाम कमी येतो, तहानही कमी लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका अधिक.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेविरुद्ध आराखडा आखला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. पांढऱ्या छतामुळे घरातील तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरते. आपणही हे करू शकतो.

१) स्लॅब झाडून, धुऊन त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुन्यात थोडा डिंक घालावा. पावसात चुना धुऊन जातो, म्हणून हे काम दरसाल करावे. लोखंडी पत्र्यावर चुना टिकत नाही; गंज काढून पांढरा रंग लावावा.

२) छताखाली समोरासमोरच्या भिंतींत झरोके मोकळे करावेत व त्यांना बारीक जाळी बसवावी. माळ्यावरील अडगळ कमी करावी.

३) गच्चीवरील टायर, फुटके डबे काढून टाकावेत आणि पावसाच्या पाण्याच्या नळीतला पाला काढावा. पावसाळ्यात तेथेच डेंग्यूचे डास वाढतात आणि तुंबलेल्या पाण्याने भिंतीला ओल येते. ही ओल दमेकऱ्याला त्रास देते.

काम सकाळी लवकर करावे. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो फुटतो. आडवी फळी टाकावी. जुने सिमेंटचे पत्रे कोरडे खरवडू नयेत, त्यातील अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते. चुना डोळ्यात गेल्यास न चोळता किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे.

एवढे करूनही घरात कोणी थकले, पायात गोळे आले तर गार जागी बसवून जलसंजीवनी द्यावी: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मात्र अंग तापलेले आहे, माणूस असंबद्ध बोलतो किंवा शुद्ध हरपली आहे, तर तो उष्माघात समजावा. तापाच्या गोळीने तो उतरत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडून वारा घालत राहावे.

आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, नातवंडांनी घर भरते. त्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी घरातील तरुणांनी छताचे हे काम उरकून घ्यावे, आणि शेजारी एकटे राहणारे कोणी वृद्ध असतील तर त्यांच्याही छताला चुन्याचा हात द्यावा.