बँकेत गुंतवणूक केल्याने क्रेडिट कार्डची मर्यादा वाढते का?

बेंगळुरू : ज्या बँकेचे क्रेडिट कार्ड आहे, त्याच बँकेत मुदत ठेव ठेवली किंवा तिच्यामार्फत म्युच्युअल फंडात पैसे गुंतवले की कार्डची पतमर्यादा वाढते, असा समज पगारदार वर्गात रूढ आहे. प्रत्यक्षात ठेव कार्डासाठी तारण म्हणून दिली असेल, तरच तिचा मर्यादेशी थेट संबंध येतो. एरवी ग्राहकाचे उत्पन्न, परतफेडीची शिस्त आणि आधीचे कर्ज या तीन बाबी निर्णायक ठरतात.

बेंगळुरूच्या आग्नेय भागातील एचएसआर लेआउट या वसाहतीत हा प्रश्न नेहमीचा आहे. होसूर आणि सर्जापूर या रस्त्यांवरून नाव पडलेल्या, सात सेक्टरांत विभागलेल्या या भागात नवउद्यमी कंपन्यांची असंख्य कार्यालये असून, महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेले तरुणही येथे मोठ्या संख्येने राहतात. नोकरीला लागताच कंपनीच्या पसंतीच्या बँकेत पगार खाते उघडले जाते, त्याच बँकेचे कार्ड हाती येते आणि काही महिन्यांत ‘आमच्याकडे गुंतवणूक करा, मर्यादा वाढवून मिळेल’ असा दूरध्वनीही येतो. अशा प्रस्तावाला होकार देण्यापूर्वी मर्यादा ठरते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे.

मर्यादा कशी ठरते?

क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज आहे. त्यामुळे ग्राहक दरमहा किती रक्कम फेडू शकेल, याचा अंदाज बँक प्रथम घेते. त्यासाठी पगाराच्या नोंदी, प्राप्तिकर विवरणपत्र, चालू हप्ते आणि पतमाहिती कंपन्यांचे अहवाल तपासले जातात. देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. त्यांच्या अहवालात कर्जे, कार्डे, थकबाकी आणि कर्जासाठी झालेल्या चौकशा यांची नोंद असते. मुदत ठेवी, म्युच्युअल फंड किंवा समभागांची नसते. म्हणजेच दहा लाखांची ठेव असली, तरी 300 ते 900 या पट्ट्यात मोजल्या जाणाऱ्या पतगुणांकात तिच्यामुळे एका गुणाचीही भर पडत नाही.

नवउद्यमी कंपन्यांतील कर्मचाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा येतो. वार्षिक मोबदल्याचा मोठा भाग ‘ईसॉप’ म्हणून समभागांच्या रूपाने कागदावर दिसतो; परंतु बँक पाहते ती खात्यात दरमहा जमा होणारी रक्कम. त्यामुळे एकूण मोबदला मोठा असूनही मर्यादा अपेक्षेपेक्षा कमी मिळू शकते.

गुंतवणुकीचा उपयोग कुठे होतो?

अनेक बँका बचत खाते, मुदत ठेवी आणि बँकेमार्फत केलेली गुंतवणूक एकत्र मोजून ग्राहकाची श्रेणी ठरवतात. वरच्या श्रेणीतील ग्राहकांना स्वतंत्र व्यवस्थापक, काही शुल्कांत सवलत आणि उच्च दर्जाच्या कार्डांचे प्रस्ताव मिळतात. मोठी शिल्लक हे आर्थिक स्थैर्याचे लक्षण मानले जात असल्याने मर्यादावाढीच्या अर्जाला तिचा आधार मिळू शकतो. मात्र हा बँकेच्या अंतर्गत धोरणाचा भाग आहे. अमुक गुंतवणूक केल्यास अमुक मर्यादा मिळालीच पाहिजे, असा ग्राहकाचा हक्क त्यातून निर्माण होत नाही.

कार्ड देणारी संस्था बँकेहून वेगळी असेल, तर हा आधार आणखी क्षीण होतो. भारतीय स्टेट बँकेच्या समूहातील एसबीआय कार्ड ही शेअर बाजारात सूचिबद्ध असलेली स्वतंत्र कंपनी आहे, हे त्याचे परिचित उदाहरण होय.

तारण ठेवीवरील कार्ड हा याला अपवाद आहे. त्यात मुदत ठेवीवर बँक आपला अधिकार नोंदवते आणि ठेवीच्या ठरावीक टक्के रकमेइतकी मर्यादा देते. ठेवीवर व्याज मिळत राहते. पण कार्ड सुरू असेपर्यंत ती मोडता येत नाही. पतइतिहास नसलेल्या किंवा तो बिघडलेल्या व्यक्तींना नव्याने पत उभी करण्यासाठी हा मार्ग उपयुक्त ठरतो.

लपलेली किंमत

मर्यादावाढीच्या आशेने केलेल्या गुंतवणुकीची किंमत सहसा लगेच दिसत नाही. बँकेमार्फत घेतलेला म्युच्युअल फंड ‘रेग्युलर’ योजनेत असतो आणि त्याच्या खर्चात वितरकाचे कमिशन समाविष्ट असते. 1 जानेवारी 2013 पासून उपलब्ध असलेल्या ‘डायरेक्ट’ योजनेत ते नसते. दोन्हींच्या वार्षिक खर्चात पाऊण टक्क्याचा फरक आहे असे गृहीत धरले, तर दहा लाखांच्या गुंतवणुकीवर वर्षाला सुमारे साडेसात हजार रुपये केवळ या फरकापोटी जातात. विमा पॉलिसीच्या बाबतीत तर पैसे अनेक वर्षे अडकून राहतात.

दुसरा धोका ठेवीचा आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 171 नुसार बँकेला ग्राहकाकडून येणे असलेल्या रकमेपोटी सर्वसाधारण धारणाधिकार असतो. शिवाय, खात्यातील रक्कम थकबाकीपोटी वळती करून घेण्याची तरतूद कार्डच्या करारात सहसा असते. नोकरी गेली आणि बिल थकले, तर अडीअडचणीसाठी त्याच बँकेत राखलेल्या पैशालाच प्रथम हात लागू शकतो. म्हणून आपत्कालीन निधी कार्ड देणाऱ्या बँकेबाहेर ठेवणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. ठेव विम्याचे संरक्षणही प्रत्येक बँकेत प्रति ठेवीदार मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतच आहे.

नियम काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2014 मध्ये जाहीर केलेल्या ग्राहक हक्कांच्या सनदेनुसार, बँकेची एखादी सेवा देण्याच्या बदल्यात ग्राहकाला अन्य कंपनीचे उत्पादन घेण्याची सक्ती करता येत नाही. क्रेडिट कार्डांविषयी 21 एप्रिल 2022 रोजी जारी झालेल्या निर्देशांनुसार, ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय मर्यादा वाढवता येत नाही. ती कमी केल्यास ग्राहकाला कळवावे लागते आणि कार्डचा अर्ज फेटाळल्यास त्याचे कारण लेखी द्यावे लागते.

बँकांचा हात आखडता असण्याचे आणखी एक कारण आहे. 16 नोव्हेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने वाणिज्य बँकांच्या क्रेडिट कार्ड येण्यांवरील जोखीम भारांक 125 वरून 150 टक्के केला. त्यामुळे अशा कर्जासाठी बँकांना अधिक भांडवल राखून ठेवावे लागते.

मर्यादा वाढवायची असल्यास

पगारवाढीनंतर अलीकडच्या वेतनचिठ्ठ्या आणि प्राप्तिकर विवरणपत्र जोडून अर्ज करणे, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. बिलाची किमान रक्कम नव्हे, तर संपूर्ण रक्कम मुदतीत भरावी. मर्यादेच्या सुमारे 30 टक्क्यांच्या आत वापर ठेवावा, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. थोड्या काळात अनेक कार्डांसाठी अर्ज करणे टाळावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो तपासून चुका असल्यास दुरुस्त करून घ्याव्यात.

वाढीव मर्यादा म्हणजे वाढीव उत्पन्न नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. अनेक कार्डांवर थकीत रकमेचे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या, म्हणजे वर्षाला 42 टक्क्यांच्या आसपास असते. कार्डांवरील व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 मधील आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला आहे.

गुंतवणुकीची सक्ती होत असल्यास ती अट लेखी मागावी आणि बँकेकडे तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.