खदानीत पोहणारी माणसं

बाबा चंद्रपूरच्या कोळसा खाणीत तीस वर्षं होते. गेल्या डिसेंबरात ते इथे पर्थला आले तेव्हा समुद्र, किंग्ज पार्क सगळं दाखवून झालं. त्यांच्या चेहऱ्यावर काही फरक नाही! म्हटलं, चला, कॉलीला जाऊ. दोनशे किलोमीटर. कोळशाचं गाव.

गावाबाहेर केपवारी तलाव आहे. निळंशार पाणी, स्कीइंगच्या बोटी, काठावर तंबू. बाबांना सांगितलं, ही १९९७ पर्यंत ओपन कास्ट होती. ते थबकलेच. "हे लोक खदानीत पोहून राहिले?"

केपवारी म्हणजे नूंगर या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत पाण्यात खेळणं. नाव गोड आहे, पण तलाव सहजासहजी झालेला नाही. खाणीसाठी कॉली नदीची दक्षिण शाखा वळवली होती. खाण बंद झाल्यावर तिचंच पावसाळी पाणी काही वर्षं खड्ड्यात सोडलं. कोळशाजवळच्या दगडातलं गंधक हवा-पाण्याशी मिळालं की आम्ल तयार होतं, त्यामुळे पाणी आंबटलेलं. २०११ च्या पुरात नदी बांध फोडून स्वतःच तलावात शिरली आणि पाणी सुधारलं. मग नदी तलावातूनच वाहू द्यायचं ठरलं. लोकांसाठी तो खुला झाला डिसेंबर २०२० मध्ये.

बाबांनी बोटांवर हिशेब केला. "तेवीस वर्षं. बंद खदानीला इतकी वर्षं कोण पुसते?"

आमच्या घरामागच्या जुन्या खाणीतही पाणी साचायचं. आई तिकडे फिरकू द्यायची नाही. काठ सरळ तुटलेला, पाय घसरला की संपलं. इथे तो उतरता करून घेतलाय. पोरं गुडघाभर पाण्यात खेळत होती.

कॉलीत अजून कोळसा निघतो, पण राज्य सरकार आपली कोळशावरची वीजकेंद्रं २०३० पर्यंत बंद करणार आहे. पुढे काय, ही काळजी त्या गावालाही आहे. तलावावर सगळ्यांची पोटं भरणार नाहीत, हे बाबा माझ्याआधी बोलले.

मग त्यांनी खोली विचारली. सुमारे पासष्ट मीटर, म्हटलं. पँट दुमडून ते पाण्यात उतरले आणि मला म्हणाले, "फोटो काढ. आपल्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकतो."

संध्याकाळपर्यंत चौदा उत्तरं आली होती. पहिलंच होतं, "पंप बंद पडला का रे?"