पाचवीचा बाजार

"काका, सुटे आणलेत का?"

फाटकातच चौथीतला एक मुलगा मला अडवतो. गळ्यात सुतळीनं अडकवलेला पुठ्ठा आणि त्यावर स्केचपेननं लिहिलेलं 'बाजार समिती'. मी शंभराची नोट दाखवतो. तो नकारार्थी मान हलवून डावीकडे बोट करतो. तिथे बाकावर बँक बसली आहे. बँक म्हणजे दोन मुली, मिठाईचा रिकामा डबा, डब्यात नाणी आणि दहा-दहाच्या नोटा, शेजारी एक वही. त्यातली मोठी माझी नोट उजेडाकडे धरून नीट पाहते, मगच मोजायला घेते. वहीत माझं नाव, पुढे रक्कम, त्यापुढे सही. इतक्या शिस्तीत मला खऱ्या बँकेनं सुटे दिल्याचं आठवत नाही.

जानेवारीतला शनिवार आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या या महापालिका शाळेत परिपाठ नुकताच आटोपलाय. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, सगळं रांगेत उभं राहून झालेलं. थंडी चांगलीच आहे. ऊन निम्म्या मैदानावर आलंय आणि दुकानं मांडायला सगळ्यांना तोच निम्मा भाग हवाय. पाचवीच्या पोरांनी सकाळी लवकर येऊन तो आधीच बळकावला आहे. तिसरी-चौथीची दुकानं सावलीत. त्यावरून कुरबुर चालू आहे, पण पाचवीपुढे कोण बोलणार.

२०२४ पासून राज्यातल्या शाळांना 'आनंददायी शनिवार' लागू झाला, त्या खात्यात हा बाजार बसवलाय. तसा बालआनंद मेळावा मराठी शाळांना नवा नाही. शासन निर्णय नव्हता तेव्हाही पोरं भेळ विकत होती आणि सर-मॅडम विकत घेऊन खात होते. आता फरक एवढाच की आधी फोटो लागतो. फ्लेक्स बांधला जातो, त्याच्यापुढे सगळे उभे राहतात, एक मॅडम मोबाइल आडवा धरून दोनदा, तीनदा फोटो काढतात. फोटोत बाजारातलं काहीच येत नाही, कारण बाजार फ्लेक्सच्या मागे आहे.

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष ताई फीत कापतात. शिक्षण हक्क कायद्यानं, म्हणजे २००९ सालच्या कायद्यानं, या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्यात असं ठरवून दिलं. या ताई त्याच वाटेनं इथे आल्या. भाषण करायला सांगितल्यावर त्या म्हणतात, "भाषण काय करू, पोरांचा माल थंड होतोय." टाळ्या पडतात. आजवर ऐकलेल्या उद्‌घाटनाच्या भाषणांत हे मला सगळ्यात आवडलेलं.

आणि मग एकदम गलका.

"ताजी मेथी दहाला जुडी!" "काका, इकडं, इकडं!" "बोरं घ्या, बोरं!" एकानं गुळाची चिक्की मांडलीय, एकीनं आवळ्याची सुपारी. दोघांनी मिळून पाणीपुरीचं दुकान थाटलंय आणि हातात प्लास्टिकचे मोजे घातलेत. मोजे इतके मोठे की पुरी धरताच फुटते. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही हसतात, आणि फुटलेली पुरी दुकानदारच खातो. भांडवल असं संपताना मी डोळ्यांनी पाहतोय.

एका टेबलावर लिट्टी-चोखा आहे. हा मुलगा बिहारमधून आलेल्या कुटुंबातला, मराठी माध्यमात शिकणारा. गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. मॅडमना "घ्या ना मॅडम, तूप लावलंय", आणि फाटकाशी आलेल्या शेजारच्या काकांना "ले लो चाचा, गरम है". त्याच्यापासून दोन हातांवर एक आजी नातीच्या दुकानामागे स्टुलावर बसल्यात. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अहिराणीत विचारतायत, "तिखट शे का?" सातपूर हे असं आहे. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग इथल्या शेतांवर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. मायको आली, सिएट आली, महिंद्राच्या नावानं तर चौकच ओळखला जाऊ लागला. धुळे-जळगावकडून, मराठवाड्यातून, पुढे उत्तर प्रदेश-बिहारमधून माणसं कामाला आली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका झाली, त्यात सातपूरची नगरपालिकाही विलीन झाली. कारखाने, वसाहती आणि झोपडपट्ट्यांच्या मधोमध जुनं सातपूर गाव अजून आहे. महापालिकेच्या शाळेत यातल्या सगळ्यांची मुलं एका बाकावर येतात. अर्थात ज्यांना इंग्रजी शाळेची फी झेपत नाही त्यांची. हे झाकून काही उपयोग नाही.

चिक्कीवाल्याकडे क्यूआर कोड आहे. वडिलांचा, छापील, लॅमिनेट केलेला. मी दहा रुपये पाठवतो. तो म्हणतो, "आले का ते कसं कळणार?"

"तुझ्या पप्पांच्या मोबाइलवर मेसेज गेला असेल."

"पप्पा फर्स्ट शिफ्टला आहेत. मोबाइल लॉकरला ठेवावा लागतो." तो माझा मोबाइल हातात घेतो, हिरवी खूण पाहतो, रक्कम वाचतो, वेळ वाचतो आणि वहीत उतरवून घेतो. "दुपारी साडेतीनला जुळवतो," असंही सांगतो. तेवढ्यात सर येतात आणि क्यूआर उचलून खिशात घालतात. "आज रोखीनंच. मोड द्यायला शिका आधी."

मोड देणं हा इथला खरा विषय आहे हे पाच मिनिटांत लक्षात येतं. पन्नासातून पस्तीस गेले की वहीवर पंधरा येतात, पण समोर तीन गिऱ्हाइकं ओरडत असताना, हाताला ठेचा लागलेला असताना ते पंधरा डोक्यात यायला वेळ लागतो. हा ठेचा आजींच्या नातीच्या दुकानातला. पाचवीत आहे, दोन वेण्या, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तिच्यापुढे पाटीत कळण्याच्या भाकरी आहेत, कापडात गुंडाळलेल्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या, करड्या रंगाच्या, कडा किंचित भेगाळलेल्या. ती भाकरी मोडत नाही, आधी दुमडून रेघ पाडते आणि मग त्या रेघेवर फाडते. त्यामुळे चारही चतकोर सारखे येतात. द्रोणात चतकोर, त्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा, ठेच्यावर शेंगदाण्याच्या तेलाचे मोजून चार थेंब. पाच रुपये. मी दोन घेतो. डोळ्यांत पाणी येतं. आजी समाधानानं मान हलवतात.

मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा येतो. काचेच्या कपाटात ढाली आहेत: खो-खो, समूहगीत, विज्ञान प्रदर्शन. त्यावर धूळ नाही, म्हणजे कुणीतरी पुसतं. भिंतीवर वर्तमानपत्रातून कापून चिकटवलेला कविता राऊतचा फोटो. इथून त्र्यंबक रस्त्यानं पुढे गेलं की तिचा तालुका लागतो. सावरपाड्याची ही मुलगी नाशिकला सराव करून २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. शाळेतल्या पळणाऱ्या मुली शर्यतीला जाताना त्या फोटोला हात लावून जातात, असं मुख्याध्यापक सांगतात. फोटोचा खालचा कोपरा झिजलाय, तेव्हा खरंच असावं.

"त्याच तालुक्यातल्या हिवाळीच्या शाळेचं नाव घेऊन आम्हाला फार छळतात हो," ते हसत म्हणतात. हिवाळीची जिल्हा परिषद शाळा आता दूरदूरपर्यंत माहीत आहे. केशव गावित सरांची ती शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते, आणि तिथली मुलं दोन्ही हातांनी एकाच वेळी लिहितात. "पाहुणे आले की विचारतात, तुमची लिहितात का दोन्ही हातांनी? मी म्हणतो, आमची एका हातानं लिहितात. दुसऱ्या हातानं धाकटं भावंड धरलेलं असतं."

मग ते हजेरीपट काढतात. जूनमधली नावं आणि आजची नावं. कंत्राट संपलं की बाप दुसरीकडे, खोलीचं भाडं वाढलं की कुटुंब दुसऱ्या वस्तीत, आणि पोरगं दाखला न घेताच गायब. दिवाळीला गावी गेलेली मुलं परत आणायला मॅडम लोक फोन करत बसतात. या वर्षी पाचवीतलं एकही नाव कमी झालेलं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज ढालींविषयी बोलतानापेक्षा चढा असतो. याला ढाल कुणी देत नाही. फोटोही अपलोड करता येत नाही.

बाहेर आहाराची वेळ झालीय. मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं असा पहिली ते पाचवीचा हिशेब ठरलेला आहे. पण आज पोटं पाणीपुरीनं भरलीत. खिचडी वाढणाऱ्या मावशी वैतागल्यात. "आज कशाला शिजवायला लावलं मग?" पहिलीतली मुलं तेवढी शहाण्यासारखी ताटं पुढे करतात, कारण त्यांच्याकडे बाजारात उडवायला फारसे पैसे नव्हते.

साडेअकराला पाचवीचा वर्ग भरतो. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. शनिवारी एरवी सराव पेपर असतो, दीड तासात ७५ प्रश्न, त्यातले ५० गणिताचे. आज सरांनी फळ्यावर चार रकाने आखलेत: दुकान, खरेदी, विक्री, नफा-तोटा. "आजचा पेपर हाच," ते म्हणतात. वर्ग खूश.

लिट्टी: खरेदी २५०, विक्री ४००, नफा १५०. चिक्की: नफा ६०. पाणीपुरी: खरेदी १८०, विक्री १३५. दोन्ही भागीदार एकमेकांकडे बघतात. "किती खाल्ल्या?" सर विचारतात. उत्तर येत नाही.

पुढचा मुलगा द्राक्षांचा. खरेदीच्या रकान्यात शून्य. "मामाच्या मळ्यातली आहेत सर. दिंडोरीची. फुकट."

"मामाला फुकट पडली का?" मागून कुणीतरी विचारतं.

सर खडू तसाच धरून थांबतात. वर्गात गडबड सुरू होते. औषध फवारणी किती, मजूर किती, मामानं व्यापाऱ्याला विकली असती तर काय भाव आला असता. शून्य पुसलं जातं, मुलगा रुसतो, तडजोडीनं किलोला ४० रुपये धरले जातात.

भाकरीवाली उठते. तिच्या वहीत पीठ १२०, मिरची-तेल-शेंगदाणे ६०, द्रोण ४०, एकूण २२०. विसाच्या वीस भाकरी खपल्या, ८० चतकोर, ४०० रुपये. नफा १८०, वर्गात सगळ्यात जास्त. टाळ्या सुरू होणार तेवढ्यात तीच म्हणते, "सर, मामाचं धरलं तर मम्मीचं पण धरायचं का?"

"काय?"

"मजुरी."

सर पाचवा रकाना आखतात. "किती तास लागले?"

"तीन. दहा ते एक. कंपनीतून आल्यावर, स्वयंपाक करून, मग."

"कंपनीत किती मिळतात?"

"चारशे. आठ तासाचे."

"म्हणजे तासाला?"

"पन्नास!" सगळा वर्ग. सर दीडशे लिहायला लागतात, तर खिडकीजवळचा एक जण उभाच राहतो. "सर, चुकलं. ड्यूटी करून आल्यावर केलंय. ती ओटी आहे. ओटीला डबल."

कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर आहेच. ठेकेदाराच्या हाताखाली तो किती जणींच्या हातात पडतो हा भाग निराळा. पण पाचवीतल्या पोराला तो पाठ आहे. पाढे कदाचित नसतील इतका पाठ आहे. सर माझ्याकडे बघतात, मी फळ्याकडे. दीडशे पुसून तीनशे होतात. २२० आणि ३००, एकूण ५२०. विक्री ४००. तोटा १२०.

लिट्टीवाला घाईनं सांगून टाकतो, "मेरे पापा ने छुट्टी के दिन बनाया, सर. सुट्टी होती त्यांना."

"वीकली ऑफला पण डबलच!" खिडकीजवळचा आज कुणालाच सोडणार नाही.

मुलगी फळ्यावरच्या १२० कडे बघत उभी आहे. रडेल असं मला वाटतं, पण ती बोटांवर काहीतरी मोजतेय. सर विचारतात, "तोटा होऊ द्यायचा नसेल तर चतकोर कितीला विकायची?"

पाचशेवीस भागिले ऐंशी. वह्यांवर खसखस सुरू होते. कुणी सहा म्हणतं, कुणी साडेसहा. साडेसहा बरोबर आहे. "पण अर्धा रुपया कोण देणार?" चिक्कीवाला विचारतो.

"सात लाव," सर म्हणतात.

"आठ," ती म्हणते. "आणि ठेच्याचे वेगळे."