मे महिन्यात इटली, सात रात्री : परभणीतून जायचे तर तयारी जानेवारीतच का?

मे महिन्यात परभणीचा पारा 42-43 अंशांवर असतो, तेव्हा रोममध्ये दिवसाचे कमाल तापमान साधारण 23-24 अंश असते. सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे फिरायला दिवसही मोठा मिळतो. युरोपीय लोकांची उन्हाळी सुट्टी मात्र जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्या वेळी रोममध्येही तिशीच्या वर तापमान जाते, उष्णतेची लाट आली तर चाळिशीच्या आसपास, आणि गर्दी विचारू नका. म्हणजे आपली मेची सुट्टी हा तिकडचा उत्तम हंगाम. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यापर्यंत बंद असतात, पेरणीला अजून वेळ असतो. यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ महिना असल्याने लग्नसराईलाही विश्रांती आहे. (जावयांचे धोंडे राहील, पण ते परत आल्यावरही खाता येते.)

ऑफिसात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘यंदा युरोप’ची चर्चा सुरू झाली असेल तर बहुतेकांचे बोलणे विमानाच्या तिकिटापासून सुरू होते. खरी अडचण तिकिटाची नसते. इंजिनीअरिंगला प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये ‘क्रिटिकल पाथ’ शिकवतात. जे काम लांबले की अख्खा प्रकल्प लांबतो, ते काम आधी शोधायचे. या सहलीत ते काम म्हणजे व्हिसाची फाइल.

तारखा उलट्या मोजा

समजा, 18 मे रोजी सोमवारी रोमला उतरायचे आणि 25 मे रोजी परत निघायचे. इटली शेंजेन क्षेत्रात येते. या 29 देशांसाठी एकच अल्पमुदतीचा व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, म्हणजे 18 मेच्या प्रवासासाठी खिडकी नोव्हेंबरातच उघडली आहे. कमीत कमी 15 दिवस आधी तो द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण चौकशी वाढली तर नियमाने 45 दिवसांपर्यंत घेता येतात. 18 मेपासून 45 दिवस मागे गेलात की 3 एप्रिल येतो. त्यामुळे मार्चअखेरपर्यंत अर्ज जमा झालेला हवा. त्यासाठी अपॉइंटमेंट फेब्रुवारीत घेतलेली हवी आणि कागद आत्ता, जानेवारीत गोळा व्हायला हवेत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत शिक्क्याचे स्टेटमेंट मागायला गेल्यावर काय उत्तर मिळते, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक काम आजच करा. घरातले सगळे पासपोर्ट कपाटातून काढून तारखा बघा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैधता, दोन कोरी पाने आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला पासपोर्ट, अशा तीन अटी आहेत. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाचच वर्षांचा. दुबई किंवा थायलंडच्या वेळी काढलेला मुलाचा पासपोर्ट संपलेला निघणे, हा हमखास घडणारा प्रकार आहे. नवीन 36 पानी पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये, तत्काळसाठी त्यावर आणखी 2000.

नाकारला तर पैसे परत मिळतात का?

नाही. 2024 मध्ये भारतातून शेंजेन व्हिसासाठी सुमारे 11 लाख अर्ज गेले आणि त्यातले साधारण 15 टक्के नाकारले गेले. शुल्क जून 2024 पासून मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांखालील मुलांना 45 युरो आणि सहा वर्षांखालील मुलांना माफ आहे. आई-वडील, 14 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा असे चौघे असतील तर 315 युरो. युरो 105 रुपये धरला तर 33 हजारांच्या घरात. सेवा केंद्राचे शुल्क आणि मुंबईचा खर्च वेगळा. यातले काहीही नकारानंतर परत मिळत नाही. म्हणून विमानाचे तिकीट आधीच पक्के करून ठेवू नका. अर्जासाठी आरक्षण दाखवणे पुरेसे असते आणि हॉटेल ‘रद्द करता येईल’ असे घ्यावे. काही एजंट पाचशे-हजारात ‘डमी’ तिकीट देतात. त्याची पडताळणी झाली आणि नोंद सापडली नाही, तर बाकीच्या खऱ्या कागदांवरही संशय येतो. तेवढी बचत महागात पडते.

शेतीचे उत्पन्न असेल तर फाइल कशी लावायची?

पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्याची फाइल सोपी असते. पगाराची स्लिप, फॉर्म 16, रजेचे पत्र, झाले. परभणीतल्या बऱ्याच घरांत चित्र वेगळे असते. एकाची नोकरी किंवा दुकान, जोडीला शेती. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, त्यामुळे रिटर्नमध्ये ऐपत कमी दिसते. सोयाबीन, कापूस, तुरीचे पैसे वर्षातून दोन-तीनदा एकदम येतात. सहा महिने खाते शांत आणि मग जानेवारीत अचानक चार लाख जमा. मुंबईत बसलेल्या व्हिसा अधिकाऱ्याला मोंढा माहीत नसतो. त्याला ते ‘व्हिसासाठी उसने घेऊन भरलेले पैसे’ वाटू शकतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मोठ्या जमा रकमेला कागद जोडणे. मानवत किंवा सेलूच्या बाजारात कापूस घातला असेल तर आडत्याची पट्टी. कापूस महामंडळाला (सीसीआय) विकला असेल तर पैसे थेट खात्यावर येतात, त्याची पावती. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे लागते. रिटर्न भरत असाल तर त्यात शेतीचे उत्पन्न दाखवण्याचा रकाना असतो, तो भरलेला असेल तर उत्तमच.

जमीन वडिलांच्या नावावर आणि प्रवास मुलगा-सुनेचा, हेही नेहमीचेच. अशा वेळी सातबारा नुसता जोडून उपयोग नाही. खर्च वडील करणार असतील तर त्यांचे तसे पत्र, त्यांचे बँक स्टेटमेंट आणि नाते दाखवणारा कागद हवा.

नावांचे घोळ वेगळेच. आधारवर ‘पाटील सुनीता रमेश’, पासपोर्टवर ‘सुनीता रमेश पाटील’, बँकेत लग्नाआधीचे नाव. अर्जात पासपोर्टवरचेच नाव, त्याच स्पेलिंगने. बाकी फरकांसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. मूल एकाच पालकासोबत जाणार असेल तर दुसऱ्याचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते.

जिल्हा परिषदेचे शिक्षक, कृषी विद्यापीठाचे कर्मचारी, महसूलमधले लोक यांना परदेशात जाण्यासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज टेबलावरून टेबलावर जातो, म्हणून तो सगळ्यात आधी टाका. ते ना हरकत पत्र फाइलमध्येही उपयोगी पडते, कारण अधिकाऱ्याला मुळात एकच गोष्ट पटवायची असते की हे कुटुंब परत येणार आहे. नकाराच्या पत्रात ठरावीक कारणांवर खूण असते आणि ‘परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका’ हे त्यातले एक नेहमीचे कारण. एक पानाचे साधे पत्र लिहा. कोण जाते आहे, किती दिवस, खर्च कुठून आणि परत येऊन कोणत्या कामावर रुजू व्हायचे आहे. नेटवरचा नमुना जसाच्या तसा उतरवू नका.

एकदा नकार मिळाला म्हणजे कायमची बंदी नव्हे. कारण दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. पण आधीच्या नकाराची नोंद सगळ्या शेंजेन देशांना दिसते, त्यामुळे ‘इटलीने नाही दिला, आता पोर्तुगालकडून बघू’ ही युक्ती चालत नाही. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे करायचा असतो.

मुंबईला किती फेऱ्या?

बहुधा एकच. इटलीचे अर्ज व्हीएफएस ग्लोबलच्या केंद्रात घेतले जातात, निर्णय मुंबईतील वाणिज्य दूतावासाचा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. 12 वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. पूर्वी शेंजेन व्हिसासाठी ठसे दिले असतील तर ते 59 महिने चालतात. ऑगस्ट 2025 पासून वंदे भारत नांदेडहून सुटते आणि परभणीला थांबते. पहाटे बसलात तर दुपारी मुंबईत. तरीही अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी सकाळची घ्या. गाडीने जाणाऱ्यांना जालन्यातून समृद्धी महामार्ग आहे.

प्रवास विमा किमान 30 हजार युरोच्या संरक्षणाचा, म्हणजे साडेएकतीस लाखांच्या आसपास, आणि संपूर्ण शेंजेन क्षेत्रात चालणारा हवा. हजार रुपये वाचवायला कमी संरक्षणाचा घेतला तर फाइल तिथेच अडते.

पॅकेज की स्वतःचे नियोजन?

‘10 दिवसांत 7 देश’ या जाहिराती मला कधीच पटल्या नाहीत. त्यात देशांपेक्षा बसची खिडकी जास्त बघून होते. आई-वडील सोबत असतील, भाषेची धास्ती असेल तर पॅकेज सोयीचे आहे, हे मान्य. कराचा फरक मात्र समजून घ्या. 2025-26 मध्ये परदेशी सहलीच्या पॅकेजवर 10 लाखांपर्यंत 5 टक्के टीसीएस पहिल्या रुपयापासून कापला जात होता, म्हणजे सहा लाखांच्या पॅकेजवर 30 हजार. स्वतः नियोजन करून फॉरेक्स कार्डात पैसे भरले तर वर्षाला 10 लाखांपर्यंत तो लागत नाही. टीसीएस बुडत नाही, रिटर्न भरून परत मिळवता येतो, पण तोवर रक्कम अडकते. अर्थसंकल्पात दर बदलू शकतो. बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा.

सात रात्री कशा वाटायच्या?

दोनच शहरे. रोममध्ये चार रात्री, फ्लोरेन्समध्ये तीन. वेगवान रेल्वेने दोन्हींमध्ये अंतर दीड तासाचे. फ्युमिचिनो विमानतळावरून रोमच्या तेर्मिनी स्थानकाला लिओनार्डो एक्स्प्रेस 14 युरोत 32 मिनिटांत पोहोचवते. यंदा सीमेवर थोडा वेळ जादा धरा. ऑक्टोबर 2025 पासून युरोपात प्रवेशाची नवी डिजिटल नोंद सुरू झाली आहे आणि 10 एप्रिलपासून ती सर्व सीमांवर पूर्ण लागू होणार आहे. पासपोर्टवर शिक्क्याऐवजी फोटो आणि ठसे.

कलोसियमची तिकिटे साधारण 30 दिवस आधी सुटतात, नावानिशी, आणि लवकर संपतात. 18-19 एप्रिलला मोबाइलवर रिमाइंडर लावा. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक सभा असते, त्या वेळी सेंट पीटर्सला जाऊ नका. फ्लोरेन्सचे उफिझी संग्रहालय सोमवारी बंद असते. वरच्या तारखांत फ्लोरेन्सचे दिवस शुक्रवार ते रविवार येतात, म्हणून अडचण नाही.

रोममध्ये एक दिवस मोकळा ठेवता आला तर प्रादेशिक रेल्वेने दीड-दोन तासांवर असलेल्या कासिनोला जा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशा राष्ट्रकुल सैनिकांची नावे तिथल्या स्मारकावर आहेत. त्यात आजच्या रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे घाडगे 10 जुलै 1944 रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये मोंतोने या गावात त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ स्मारक उभे राहिले. त्याच रेजिमेंटचे, अहिल्यानगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी हाच सन्मान मिळवला. टूर कंपन्यांच्या यादीत हे सापडणार नाही.

खाण्याचे फार टेन्शन नको. पिझ्झा मारिनारामध्ये चीज नसते, टोमॅटोची पास्ता सगळीकडे मिळते. पक्के शाकाहारी असाल तर पार्मेझान चीज टाळा, त्यात वासराच्या पोटातले रेनेट असते. बॅगेत चटणी, येसर, मेतकूट, चिवडा ठेवा, पण पेढे, खवा, पनीर, तूप ठेवू नका. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. बिलात ‘कोपेर्तो’ नावाची माणशी रक्कम दिसली तर भांडू नका, तो बसण्याचा आकार आहे. पाणी विकत घ्यायची गरज नाही. रोमच्या रस्त्यांवर ‘नासोनी’ म्हणतात असे अडीच हजारांहून जास्त सार्वजनिक नळ आहेत, पाणी थंड आणि पिण्याजोगे. प्रादेशिक रेल्वेचे कागदी तिकीट काढले तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर ठसा मारून घ्या, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड होतो. आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीट पुढच्या खिशात.

राहिले आपले रेल्वेचे तिकीट. आगाऊ आरक्षण आता 60 दिवसांचेच आहे. रविवारी 17 मे रोजी परभणीहून मुंबईला निघायचे असेल तर ते 18 मार्चला सकाळी आठला उघडेल. मे महिन्यात देवगिरी आणि नंदीग्रामची प्रतीक्षा यादी कशी धावते ते परभणीकरांना ठाऊक आहे, तेव्हा व्हिसाची वाट न पाहता हे एक तिकीट आधी काढून ठेवा. रद्द करावे लागले तरी नुकसान फार नाही.