चाकाखालचं लिंबू आणि चाकावरची तारीख



दसऱ्याला गाडीची पूजा केलीत ना? आम्हीही केली. बत्ह्याच्या बाजारातून फुलं आणली, बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मोटरसायकल धुतली, हँडलला हार बांधला, टाकीवर हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी हळूच पुढे नेली. हे मी कॉलेजात असल्यापासून करत आलोय. पण खरं सांगतो, त्यातली कितीतरी वर्षं मी लिंबू पाहिलं, त्याच्यावरचं चाक पाहिलंच नाही.

यंदाच्या अंकासाठी "तुमच्या बाइकवरच्या सफरींबद्दल लिहा" असा आग्रह झाला. ताइफचे गुलाब, अबहाचं धुकं, 'एज ऑफ द वर्ल्ड'चा कडा यांचे फोटो तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाहिलेच आहेत. म्हणून आज जरा वेगळ्या गोष्टीबद्दल लिहितो. दोन चाकांवरच्या माणसाचा जमिनीशी संबंध येतो तो फक्त दोन तळहातांएवढ्या जागेत, एक पुढच्या टायरखाली आणि एक मागच्या. त्या दोन तळहातांची ही गोष्ट.

साताऱ्याची सवय

मी गाडी शिकलो वडिलांच्या चेतकवर, साताऱ्यात. पुढे स्वतःची बुलेट आली आणि यवतेश्वरचा घाट चढून कासला जाणं हा दर रविवारचा धर्म झाला. त्या काळी टायरबद्दलचं आमचं ज्ञान एवढंच, की नक्षी दिसतेय तोवर चालवायचा आणि गुळगुळीत झाला की रिमोल्ड करून आणायचा. हवा अंगठ्याने दाबून बघायची. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधायचा, तेवढ्यात चहा व्हायचा. साताऱ्याची हवा थंड, वेग चाळीस-पन्नासचा, रस्ता वळणांचा. चुका पोटात घेणारा प्रदेश होता तो.

२००७ साली नोकरीसाठी रियाधला आलो. पहिली चार वर्षं गाडीला हात लावला नाही. मग एका गोऱ्या सहकाऱ्याने परत जाताना त्याची ६५० सीसीची जपानी टूरिंग मोटरसायकल विकायला काढली आणि माझा संयम संपला. मोटरसायकलचा वेगळा परवाना काढला, इस्तिमारा नावावर झाला, आणि चाळिशीत मी पुन्हा विद्यार्थी झालो.

भाषेपासूनच शिकलो म्हणा ना. इथे मोटरसायकलला 'दब्बाब' म्हणतात, टायरला 'कफर' आणि पंक्चरच्या दुकानाला 'बंशर'. अरबीत 'प' नाही, त्यामुळे इंग्रजांचं पंक्चर इथे येऊन बंशर झालं, आणि 'कव्हर'चं झालं कफर. गाडी बंद पडली की ती उचलून नेणारा सपाट ट्रक म्हणजे 'सतहा'. हा शेवटचा शब्द मी कसा शिकलो, ते आता सांगतो.

ईदच्या सुट्टीतला धडा

२०१४ ची रमजान ईद जुलैअखेरीस आली होती. मी आणि सौ. मोटरसायकलवरून ताइफला निघालो. साडेसातशे-आठशे किलोमीटरचा रस्ता, म्हणून पहाटे चारला घर सोडलं. मागचा टायर दोनच महिन्यांपूर्वी घातला होता. काळाकुळकुळीत, वर रबराचे केसही शाबूत. हवा नेहमीप्रमाणे ३६ भरली.

अकराच्या सुमाराला एका पंपावर थांबलो. हवा ४२ दाखवत होती. लहानपणापासून ऐकलेलं डोक्यात होतं, 'उन्हात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो.' मी शहाणपणाने ती ३४ वर आणली.

पन्नास-साठ किलोमीटर गेलो असू. गाडीचा मागचा भाग हलू लागला, म्हशीने शेपूट हलवावी तसा. आधी वाटलं वारा असेल. मग सौ.ने पाठीवर दोनदा थाप मारली. ब्रेकला हात न लावता नुसती मूठ सैल सोडली आणि गाडी हळूहळू कडेला घेतली. उतरून पाहिलं तर मागच्या टायरची वरची पट्टी वीतभर सुटून लोंबत होती. आणखी पाच मिनिटं तशीच चालवली असती, तर हा लेख कुणी लिहिला असता कोण जाणे.

सावली नाही, झाड नाही. एका पेशावरच्या पठाणाने पिकअप थांबवली, आधी सौ.ला पाण्याची बाटली दिली आणि मग मला विचारलं, काय झालं. त्याने आणि मी मिळून गाडी चढवली. पुढच्या बंशरवर एक मल्याळी कारागीर होता. त्याने टायरच्या बाजूवर बोट फिरवलं, चार आकडे वाचले आणि म्हणाला, "भाईसाब, ये टायर तो आपसे पहले सौदी आया होगा!"

आकडे होते २२०७. म्हणजे २००७ सालचा बाविसावा आठवडा. मी 'नवा' म्हणून घेतलेला टायर सात वर्षांचा होता आणि ती सात वर्षं त्याने कुठल्या पत्र्याच्या गोदामात काढली होती ते देवाला ठाऊक. दुकानदाराला दोष देऊन मोकळा होता आलं असतं. पण ते आकडे टायरवर लिहिलेले होते, मीच वाचले नव्हते. शिवाय माझ्या गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट छापलंय, की मागे माणूस बसला तर मागच्या टायरमध्ये ४१ हवा. मी ३६ भरली, आणि वर त्यातलीही काढली. त्या दिवसाच्या तीन चुकांपैकी अडीच माझ्या.

गाडी सतहावरून रियाधला आली, आम्ही बसने. वाटभर सौ. काही बोलली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, दसऱ्याचं लिंबूसुद्धा तुम्ही चार वेळा दाबून, डाग बघून आणता. टायर तसाच आणलात?" पुढे वर्षभर ती मागे बसली नाही. तिचं बरोबर होतं.

लिंबासारखा टायर निवडा

तेव्हापासून मी जे शिकलो ते थोडक्यात. हे मोटारवाल्यांनाही लागू आहे.

तारीख. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. १४२४ म्हणजे २०२४ चा चौदावा आठवडा. काही वेळा हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा वाकून दुसरी बाजूही बघा. रबर उन्हाने आणि वयाने कडक होतं, नक्षी कितीही खोल असली तरी. माझा नियम असा, की खरेदी करताना एक वर्षाच्या आतला टायर आणि पाच वर्षांनंतर निरोप.

माप. माझ्या मागच्या टायरवर १५०/७० आर १७ ६९ व्ही असं लिहिलंय. १५० मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ७० टक्के, आर म्हणजे रेडियल, १७ इंची रिम. ६९ हा वजनाचा आकडा, म्हणजे ३२५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. तो वेग गाठायचा नसतो, पण उष्णता सोसायची टायरची ताकद त्यावरून कळते. स्वस्तात मिळतो म्हणून खालच्या अक्षराचा टायर घालू नका.

हवा. ती गाडी थंड असतानाच मोजायची, पहाटे निघण्यापूर्वी. पुस्तिकेतला आकडा थंड टायरचाच असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की हवा साधारण दीड पौंडाने चढते. हा हिशेब कंपनीने धरलेलाच असतो, म्हणून चालून तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नका. हवा कमी झाली की टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, जास्त दबला की आणखी तापतो, आणि तापता तापता त्याचे थर सुटतात. तार सारखी वाकवली की गरम होऊन तुटते, तसंच हे. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक वेळा हवा जास्त झाल्याने नाही, कमी असल्याने. आणि याच हिशेबाने उलटंही होतं. सप्टेंबरमध्ये भरलेली हवा जानेवारीच्या रियाधी थंडीत पाच-सहा पौंडांनी उतरलेली असते, तीही बघा.

सरळ रस्ता आणि वाकडा घाट

इथल्या सरळ रस्त्यांचा टायरवर एक गमतीदार परिणाम होतो. साताऱ्यात टायर सगळीकडून झिजायचा. इथे शेकडो किलोमीटर गाडी वाकतच नाही, त्यामुळे टायर फक्त मधोमध झिजतो आणि त्याचा गोल माथा चपटा होतो. सरळ जाताना काही कळत नाही. पण ताइफहून अल हदाच्या घाटात शिरलात की पहिल्याच वळणावर गाडी आधी वाकायला नको म्हणते आणि मग एकदम पडल्यासारखी वाकते. टायरची कड लागते तिथे. घाटाचा बेत असेल तर आधी टायरचा मधला भाग हाताने चाचपून बघा.

अल हदाचा हा घाट मला फार आवडतो, कारण तो मला घरी नेतो. सरवात पर्वत म्हणजे इथला सह्याद्रीच. पूर्वेला पठार, पश्चिमेला एकदम तुटलेला कडा आणि खाली समुद्रापर्यंत तिहामाची दमट पट्टी, आपल्या कोकणासारखी. वळणावळणावर माकडंही बसलेली, फक्त ही बबून जातीची. खाली उतरणाऱ्यांनी पाट्या मात्र नीट वाचाव्यात. पुढचा रस्ता मक्केला जातो, तो फक्त मुस्लिमांसाठी आहे. बाकीच्यांनी माथ्यावर चहा पिऊन परतावं, नाहीतर पाटीप्रमाणे वळसा घ्यावा.

"गाडी कुठली घेऊ?" हा प्रश्न मला प्रत्येक कोजागरीला विचारला जातो. मोठ्या अमेरिकन क्रूझरवर महामार्गाची मजा आहे, पण जूनमध्ये सिग्नलला उभं राहिलात की इंजिन मांड्या शेकतं. शाफ्टवर चालणाऱ्या जर्मन गाडीला चेन नाही, म्हणजे वाळूची कटकटही नाही, पण किंमत ऐकून बसावं लागतं. चेनची गाडी असेल तर ओलं, चिकट तेल टाळा. त्यात वाळू बसते आणि चेन कानशीने घासल्यासारखी झिजते. मला विचाराल तर, उभी असताना तुम्हाला एकट्याने सावरता येईल ती गाडी तुमची.

कपड्यांबद्दल एकच सांगतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की अंगावर येणारा वारा भाजतो. बदू लोक नखशिखांत कपडे का घालतात ते गाडीवर कळतं. अंग झाका, आतला बनियन भिजवा, तासाला थांबा, तहान लागण्याआधी पाणी प्या. संध्याकाळनंतर शहराबाहेर गाडी नको, कारण रस्त्यावर आलेला उंट दिव्याच्या उजेडात उशिरा दिसतो. त्याचे पाय दिसतात, वजन वर असतं.

डाकार रॅली २०२० पासून या देशात होते आणि दर जानेवारीला आपण तिचे व्हिडिओ बघतो. आपल्या केरळचा हरिथ नोआ २०२४ मध्ये इथेच रॅली-टू गटात पहिला आला, छाती फुगली. पण त्याच वाळूत २०२१ मध्ये बंगळुरूचा सी. एस. संतोष पडून बेशुद्धावस्थेत रियाधच्या रुग्णालयात आला होता. पुढे तो सावरला. या लोकांच्या टायरमध्ये हवेऐवजी फोमची कांब असते, मागे मदतीचा ताफा असतो, वर हेलिकॉप्टर असतं. आपल्या टायरमध्ये नुसती हवा असते आणि वर फक्त ऊन.

रोजची गाडी

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. मी मोटरसायकल चालवतो ती शुक्रवारी, हौसेने. पण या शहरात कितीतरी मुलं ती रोज चालवतात, पोटासाठी. तुमच्या दारात बिर्याणीची पिशवी घेऊन उभा असतो ना, तो.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा लिफ्टपाशी भेटला. माझ्या फोनवरचं मराठी ऐकून म्हणाला, "काका, मी नांदेडचा." त्याच्याबरोबर खाली गेलो. छोटी १२५ ची गाडी, मागच्या टायरच्या मधोमध रबर संपून धागे दिसत होते. रोजचा प्रवास दीडशे किलोमीटर. म्हटलं, "अरे, हा आजच बदल." तो हसला. "पगार झाला की बदलतो, काका. आता बदलला तर घरी काय पाठवू?"

मला पेशावरचा तो पठाण आठवला. त्याने आधी पाणी दिलं होतं, प्रश्न नंतर विचारले होते. टायर आम्ही त्याच संध्याकाळी घातला, दुकानात चार आकडे त्यालाच वाचायला लावून. पैसे नको म्हटलं तरी त्याने तीन हप्त्यांत परत केले, शेवटच्या हप्त्याबरोबर आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी.

तेव्हापासून आम्ही चार-पाच जण महिन्यातल्या एका शुक्रवारी पहाटे पार्किंगमध्ये बसतो. एक पंप, एक गेज, थोडं चेनचं वंगण, थर्मासभर चहा. त्याचे मित्र येतात, नेपाळी येतात, बांगलादेशी येतात. हवा बघायची, तारीख वाचायची, धागे दिसत असतील तर त्या दिवशी गाडी हलू द्यायची नाही आणि पुढचं कसं करायचं ते बसून ठरवायचं. दहा मिनिटांचं काम असतं एका गाडीचं.

तुम्हाला एवढंच मागणं आहे. या दिवाळीत फराळाचं ताट कुणाच्या हाती देताना त्याच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे एकदा बघा. ऑर्डर पाच मिनिटं उशिरा आली तर फोन करून ओरडू नका. आणि लक्ष्मीपूजनाला स्वतःच्या गाडीला गंध लावाल तेव्हा मोबाइलचा दिवा लावून ते चार आकडे वाचा.

सौ. आता पुन्हा मागे बसते. हेल्मेट घालायच्या आधी ती स्वतः वाकून गेज लावते आणि आकडा मोठ्याने सांगते. एक्केचाळीस ऐकू आलं की मी किल्ली फिरवतो.

शुभ दीपावली!